बेल्ट, चलन आणि चौकातला पोलीस

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

सीटबेल्ट आणि वाहतूक पोलिसांची कारवाई याबद्दल प्रश्न पाठवा, असं मागच्या अंकात म्हटलं होतं. बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे: पोलीस दिसला की बेल्ट ओढायचा, चौक ओलांडला की सोडायचा. पावती टाळण्यापुरता लावलेला बेल्ट सहसा चुकीचाच लावलेला असतो. कुणी तो सैल ठेवतं, कुणी काखेखालून घेतं, कुणी नुसताच खांद्यावर टाकतं. म्हणून कायद्याच्या प्रश्नांइतकीच जागा इथे बेल्ट नीट बसवण्याला दिली आहे.

"ताराबाई पार्कातून लक्ष्मीपुरीतल्या दुकानात जायचं, संध्याकाळी परत. गर्दीत काटा तीसच्या वर जातच नाही. एवढ्याशा वेगाला बेल्ट कशाला? व्हीनस कॉर्नरला पोलीस असतो तेवढ्यापुरता लावतो." — एक व्यापारी, ताराबाई पार्क, कोल्हापूर

ताशी ३० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ८.३ मीटर. साडेतीन मीटर उंचीवरून पडलेला माणूस याच वेगाने जमिनीवर आदळतो. तळमजल्याच्या स्लॅबवरून तोंडावर पडायला कुणी तयार होईल का?

गाडी दुभाजकावर किंवा उभ्या टेम्पोवर आपटली की ती थांबते, पण बेल्ट नसलेलं शरीर त्याच वेगाने पुढे जात राहतं. त्याला थांबवतं ते स्टिअरिंग किंवा समोरची काच, आणि तेही जेमतेम १० सेंटिमीटरांत. ७० किलोच्या माणसावर त्या क्षणी अडीच हजार किलोच्या आसपास भार येतो. बेल्ट असेल तर गाडीचं नाक चेपण्याचा फायदा शरीरालाही मिळतो, शिवाय बेल्टची पट्टी थोडी ताणली जाते. थांबायला ४० सेंटिमीटर मिळाले तर भार सहाशे किलोंच्या घरात येतो आणि तो खांदा, छातीचा पिंजरा व कमरेच्या हाडांवर विभागला जातो. 'हातांनी स्टिअरिंग धरून अडवीन' असं म्हणणाऱ्यांनी हा सहाशेचा आकडा लक्षात ठेवावा. तेवढं वजन कुणाचेही हात पेलत नाहीत.

आणि तीसचा काटा तुमच्या गाडीचा. समोरून येणाऱ्याचा काटा तुमच्या हातात नाही.

"मागे बसणाऱ्यांनाही बेल्ट सक्तीचा आहे का? वडील मागेच बसतात, म्हणतात, 'आम्हाला काय हुतंय.' दंड झाला तर तो कुणी भरायचा?" — शिक्षिका, उचगाव

सक्तीचा आहे, आणि तो सायरस मिस्त्री यांच्या अपघातानंतर आलेला नवा नियम नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १३८(३) हा नियम चालक, शेजारी बसणारा आणि मागच्या समोर तोंड असलेल्या सीटवरचे प्रवासी अशा सगळ्यांना लागू आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९४-बी आलं. त्यात स्वतः बेल्ट न लावता गाडी चालवणं आणि बेल्ट न लावलेले प्रवासी नेणं या दोन्हींसाठी १,००० रुपये दंड सांगितला आहे. जबाबदारी चालकाची. म्हणजे वडिलांनी बेल्ट लावला नाही तर चलन गाडी चालवणाऱ्याच्या नावावर येतं.

४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर गाडी आदळून उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. ते आणि त्यांच्यासोबतचे दुसरे गृहस्थ मागच्या सीटवर होते आणि दोघांनीही बेल्ट लावलेला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं. दोघेही गेले. पुढचे दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले. गाडी महागडी होती, तिला एअरबॅग होत्या. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालात बेल्ट न लावल्याने देशभरात १६,७१५ जणांचा मृत्यू झाल्याची नोंद आहे. त्यांत चालक ८,३८४ आणि प्रवासी ८,३३१, म्हणजे जवळपास निम्मे निम्मे. 'चालकानं लावला की झालं' ही समजूत या आकड्यांपुढे टिकत नाही. शिवाय मागचा मोकळा माणूस पुढच्या सीटच्या पाठीवर आदळतो आणि बेल्ट लावलेल्या पुढच्या माणसाला स्टिअरिंगकडे दाबतो. वडिलांना स्वतःची काळजी नसेल, तर पुढे बसणाऱ्या मुलीसाठी लावा, असं सांगून पाहा. ते बहुधा पटतं.

आता खरी अडचण. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत मागचे बकल सापडतच नाहीत. नवी गाडी घेतली की लगेच सीटकव्हर शिवून घेतात आणि कव्हरवाला बकल खाली दाबून वरून कापड ओढतो. ते असे बाहेर काढा. बऱ्याच हॅचबॅकमध्ये मागची बैठक पुढच्या कडेला दोन क्लिपांवर बसलेली असते. एकेका टोकाला खालून दोन्ही हातांनी वर झटका दिला की ती सुटते. बैठक उचलून बकल बैठक आणि पाठ यांच्या फटीतून वर घ्या, नाणी-कचरा काढा आणि बैठक पुन्हा दाबून बसवा. कव्हरला जिथे बकल येतं तिथे चीर पाडून कडा शिवून घ्यायला सांगा, नाहीतर कापड उसवत जाऊन बकल पुन्हा आत जातं. मग तिन्ही पट्ट्यांच्या जिभा (धातूच्या चकत्या) आपापल्या बकलमध्ये लावून पाहा. मधल्या सीटची जीभ अनेक गाड्यांत मुद्दाम वेगळ्या मापाची असते, ती शेजारच्या बकलमध्ये जात नाही. जोर लावू नका.

पुढच्या सीटच्या कडेला 'एअरबॅग' असं शिवलेलं लेबल असेल तर त्या बाजूला सरसकट बंद कव्हर घालू नका. ती एअरबॅग सीटची शिवण फाडून बाहेर येते, जाड कव्हर तिला अडवतं.

"पोलिसाने गाडीची चावी काढून घेतली आणि 'दोनशे द्या, पावती नको' म्हणाला. अशा वेळी काय करायचं?" — इचलकरंजीहून रोज येणारा वाचक

चावी काढून घेण्याचा अधिकार मोटार वाहन कायद्यातल्या कोणत्याही कलमाने दिलेला नाही. गाडी अडकवून ठेवण्याचं कलम २०७ आहे, पण ते नोंदणी, परवाना, परमिट यांसारख्या गोष्टी नसतील तर लागू होतं. बेल्ट त्यात येत नाही.

तुमच्या बाजूने मात्र या गोष्टी पाळा. गाडी डावीकडे घेऊन थांबवा, इंजिन बंद करा, काच खाली घ्या. गणवेशातल्या पोलिसाने मागितला तर लायसन्स दाखवणं कलम १३० नुसार तुमचं कर्तव्य आहे. डिजिलॉकर किंवा एम-परिवहन ॲपमधला परवाना आणि आरसी चालतात, नियम १३९ मध्ये तशी तरतूद आहे. व्हॉट्सॲपवरचा फोटो त्या तरतुदीत येत नाही. बेल्ट नव्हता तर नव्हता म्हणा आणि 'ई-चलन करा' एवढंच शांतपणे सांगा. चलन यंत्रात नोंदलं की आरसीशी जोडलेल्या मोबाइलवर संदेश येतो. त्यात गाडी क्रमांक, कलम, वेळ, जागा आणि रक्कम असते. तीच रक्कम भरायची. लगेच भरली पाहिजे अशी सक्ती नाही.

पैसे मागितलेच तर छातीवरची नावाची पट्टी, वेळ आणि चौक लिहून घ्या. लाच मागितल्याची तक्रार लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे १०६४ या क्रमांकावर करता येते. वागणुकीची तक्रार पोलीस अधीक्षक कार्यालयात लेखी द्या, कारण कोल्हापुरात पोलीस आयुक्तालय नाही. शहर वाहतूक नियंत्रण शाखेलाही प्रत द्या आणि पोच घ्या.

एक सांगायलाच हवं. दोनशेत मिटवणारा चालक आणि दोनशे घेणारा शिपाई हे दोघं मिळून हा नियम मोडीत काढतात. चौकात हुज्जत घालणं, अंगावर जाणं, 'मला ओळखत नाहीस का' म्हणणं याने प्रकरण हजार रुपयांवरून फौजदारी गुन्ह्यावर जातं. सरकारी कामात अडथळा आणल्याचा गुन्हा बेल्टच्या चलनासारखा ऑनलाइन भरून मिटत नाही.

"बेल्ट लावलेला असताना मला बेल्ट नसल्याचं ई-चलन आलं. फोटोत बेल्ट दिसत नाही. आता?" — अभियंता, गोकुळ शिरगाव एमआयडीसी

फोटोत तुम्ही काळा किंवा गडद शर्ट घातलाय का, ते आधी बघा. बेल्टची पट्टी काळी, शर्ट काळा, वर समोरच्या काचेवर आभाळाची चमक. अशा फोटोत बेल्ट हरवतो. वाद घालण्याआधी फोटो मोठा करून दोन ठिकाणी बघा: मानेजवळ, जिथे पट्टी कॉलरवरून जाते, आणि खिडकीकडच्या खांबापाशी, जिथून ती उतरते. बेल्ट सोडलेला असतो तेव्हा पट्टी खांबालगत सरळ उभी दिसते. लावलेला असतो तेव्हा ती खांबापासून तिरकी निघते. शर्टावर काही दिसत नसलं तरी खांबाजवळचा हा तिरकेपणा बऱ्याचदा दिसतो, आणि तोच तुमचा पुरावा.

तक्रार महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलन संकेतस्थळावर किंवा महाट्रॅफिक ॲपवर करायची. गाडी क्रमांक आणि चॅसी किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे आकडे टाकले की चलन उघडतं. फोटो उतरवून घ्या, तक्रारीच्या पर्यायात चलन क्रमांक निवडा, कारण दोन ओळींत लिहा ('चालकाच्या उजव्या खांद्यावर पट्टी दिसते' असं नेमकं) आणि तोच भाग मोठा केलेला फोटो जोडा. गाडीच तुमची नसेल, म्हणजे क्रमांक तुमचा पण फोटोतली गाडी दुसऱ्या रंगाची किंवा दुसऱ्या मॉडेलची, तर आरसीची प्रत आणि स्वतःच्या गाडीचे पुढून-मागून फोटो जोडा. त्याशिवाय पोलीस ठाण्यात बनावट नंबरप्लेटची तक्रारही द्या. नाहीतर आज बेल्टचं चलन आलं, उद्या अपघाताची नोटीस येईल.

हरकत घ्यायची असेल तर आधी पैसे भरू नका. भरले की गुन्हा मान्य करून तडजोड केली असा अर्थ होतो. कॅमेऱ्यावरून होणाऱ्या कारवाईबद्दल ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्राने नियम १६७-ए आणला. गुन्ह्याची सूचना १५ दिवसांत पाठवायची आणि चलन निकाली निघेपर्यंत चित्रीकरण जपून ठेवायचं, असं त्यात आहे. पोलिसांनी स्वतःच्या खासगी मोबाइलवर फोटो काढून नंतर यंत्रात टाकू नयेत, असा आदेशही राज्याच्या वाहतूक विभागाने जुलै २०२५ मध्ये काढला. तुमच्या चलनात तसं झालं असेल तर तक्रारीत तेही लिहा.

"सामान्यांनाच पकडतात. सरकारी गाड्यांत, पुढाऱ्यांच्या ताफ्यात कुणाच्याच अंगावर बेल्ट नसतो. मग आम्हीच का पाळायचा?" — कळंब्याहून आलेलं पत्र

तुमचा राग रास्त आहे. कायदाही तुमच्याच बाजूने आहे. कलम २१०-बी म्हणतं की ज्यांच्याकडे हा कायदा राबवण्याचा अधिकार आहे त्यांनीच तो मोडला, तर त्यांना त्या गुन्ह्याच्या दुप्पट दंड. म्हणजे बेल्ट न लावता गाडी चालवणाऱ्या वाहतूक पोलिसाला तुमच्या दुप्पट. हे कलम कागदावरून रस्त्यावर यायचं असेल तर लोकांनी त्याचा उल्लेख करून लेखी तक्रारी केल्या पाहिजेत. 'सगळे चोर' म्हणून बेल्ट सोडल्याने ते होणार नाही.

तपासणीच्या पद्धतीबद्दलही आम्हाला बोलायचं आहे. सुरक्षा सप्ताहात चार दिवस मोठी मोहीम आणि नंतर सामसूम, याने चालक एवढंच शिकतात की चार दिवस सांभाळायचं. नियम अंगवळणी पडतो तो दंड मोठा असल्याने नव्हे, तर पकडले जाण्याची शक्यता रोज असल्याने. चौकातला पोलीस पुढच्या काचेतून दिसणाऱ्या दोघांकडेच बघतो, मागची सीट तपासली जात नाही. दिवसा शहरात गाड्या मंद असताना तपासणी होते. रात्री तावडे हॉटेलपासून किणी टोल नाक्यापर्यंत गाड्या शंभरच्या पुढे पळतात आणि साखर हंगामात रिफ्लेक्टर नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या त्याच रस्त्यावर असतात, तेव्हा बेल्ट बघायला कुणी नसतं. टोल नाक्यावर गाडी मंदावतेच, तिथे मागच्या सीटसह तपासणी करणं अवघड नाही. ही मागणी जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे करता येते. कलम २१५ खाली प्रत्येक जिल्ह्यात तशी समिती असते. अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात द्यायचा.

"माझा जीव, माझी जबाबदारी. सरकारला काय करायचंय?" — कागल

अपघातात चालक सीटवरून निसटला की दुसऱ्या धडकेवर त्याचा ताबा राहत नाही. पहिल्या धडकेनंतर महामार्गावर गाडी आणखी बरंच अंतर जाते. स्टिअरिंग आणि ब्रेक त्या वेळी कुणाच्या तरी हातापायाखाली असावे लागतात. ते नसतील तर पुढचा बळी सर्व्हिस रोडवरचा दुचाकीवाला असतो. ही जबाबदारी एकट्याची नाही.

"रिमाइंडरचा आवाज बंद करायला बकलमध्ये घालायची क्लिप मिळते. वापरली तर चालेल?" — शाहूपुरी

नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२३ मध्ये पाच मोठ्या ऑनलाइन विक्री कंपन्यांना या क्लिपा काढून टाकायचे आदेश दिले आणि अशा १३,११८ जाहिराती उतरवल्या गेल्या. क्लिप बकलमध्ये असली की गाडीच्या यंत्रणेला बेल्ट लावलेला वाटतो. एअरबॅग केव्हा आणि कशी फुगवायची याचा हिशेब काही गाड्यांत त्याच माहितीवर चालतो. बेल्ट पाठीमागून घेऊन बकल लावणाऱ्यांचंही तेच. शेजारच्या सीटवर पिशवी ठेवल्याने आवाज येत असेल तर पिशवी खाली ठेवा.

"गाडीला सहा एअरबॅग आहेत. तरीही बेल्ट लागतो?" — रुईकर कॉलनी

लागतो, आणि जास्तच लागतो. एअरबॅग बेल्टला पूरक म्हणून बनवलेली आहे, डॅशबोर्डवरच्या 'एसआरएस' या खुणेतला पहिला शब्द ('सप्लिमेंटल', म्हणजे पूरक) तेच सांगतो. एअरबॅगची पिशवी तीस-चाळीस मिलिसेकंदांत, म्हणजे पापणी लवायच्या आत, ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने फुगते. बेल्ट नसलेला माणूस ब्रेक लागताच पुढे सरकलेला असतो, त्यामुळे फुगत असलेलीच पिशवी त्याच्या तोंडावर, मानेवर बसते. छाती आणि स्टिअरिंगच्या मध्यभागात किमान २५ सेंटिमीटर अंतर ठेवा. बंपरपुढे लोखंडी गार्ड बसवला असेल तर काढून टाका. तो बेकायदा आहेच, शिवाय धडकेचा धक्का सेन्सरपर्यंत ठरल्याप्रमाणे पोचू देत नाही.

"पन्हाळ्याच्या चढावर थांबून बेल्ट ओढला की तो जागीच अडकतो. गॅरेजवाला म्हणतो, बेल्ट खराब झालाय. दुसऱ्या बाजूचा बेल्ट सोडल्यावर आत जात नाही, लोंबत राहतो. दोन्ही बदलायचे का?" — वडणगे

पहिला खराब नाही. ज्या डब्यात पट्टी गुंडाळली जाते (रिट्रॅक्टर) त्यात एक छोटी गोळी किंवा लोलक असतो. गाडी जोरात थांबली किंवा खूप कलली की ती सरकते आणि दात्यात खिट्टी बसवते. उभ्या चढावर तेच होतं. पट्टी पूर्ण आत जाऊ द्या, मग सावकाश, एका लयीत ओढा. तरीही अडली तर गाडी सपाटीला घेऊन लावा. गगनबावड्याच्या किंवा आंब्याच्या घाटात शिरण्याआधीच सगळ्यांचे बेल्ट लावून घेतले की ही वेळ येत नाही.

घरी करायची चाचणी: सपाट जागी पट्टी पकडून एकदम झटका द्या, ती जागीच अडली पाहिजे. पाच-सहा वेळा करा. एकदा जरी सरकत गेली तर तो बेल्ट बाद.

दुसऱ्याचा दोष बहुधा घाणीचा. खांबावरच्या ज्या कडीतून पट्टी वळते तिथे घाम, तेल आणि धुळीचा चिकट थर बसतो. पावसाळ्यात बंद गाडीत पट्टीला बुरशीही येते. पट्टी शेवटपर्यंत ओढा आणि डब्याच्या तोंडाशी कपड्यांचा मोठा चिमटा लावून अडवून धरा. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे चार थेंब, मऊ ब्रश, आणि पट्टीच्या लांबीच्या दिशेनेच घासायचं. कडी ओल्या फडक्याने पुसा. ब्लीच, पेट्रोल, थिनर, डाय काहीही लावू नका, त्याने धाग्याची ताकद जाते. सावलीत पूर्ण वाळू द्या, घाई केली तर ओल डब्यात जाते. तेल, ग्रीस, डब्ल्यूडी-४० हे पट्टीलाही नको आणि बकललाही नको. बकलमध्ये बिस्किटाचा चुरा किंवा वाळू असेल तर व्हॅक्यूमने ओढा.

एवढं करूनही लोंबत असेल तर आतली स्प्रिंग गेली. डबा उघडू नका आणि उद्यमनगरात कुणालाही उघडू देऊ नका. स्प्रिंग उसळते, आणि पुढच्या सीटच्या बेल्टमध्ये बऱ्याच गाड्यांत प्री-टेन्शनर असतो. त्यात स्फोटक कांडी असते, धडकेच्या क्षणी ती पेटून पट्टी मागे खेचते. हे काम बॅटरीची वायर काढून, कंपनीच्या मॅन्युअलप्रमाणेच करायचं.

पूर्ण बेल्ट कधी बदलायचा? पट्टीच्या कडेचे धागे सुटले असतील, चीर किंवा जळाल्याची खूण असेल, किंवा मोठ्या धडकेच्या वेळी तो अंगावर होता. धडकेत ताणलेली पट्टी पुन्हा तशी ताणत नाही आणि पेटलेला प्री-टेन्शनर पुन्हा चालत नाही. एअरबॅगचा दिवा पेटलेला राहिला तर तोही इशारा. भंगारातल्या गाडीचा बेल्ट स्वस्त मिळतो, पण त्या गाडीची भंगारात रवानगी कशाने झाली हे तुम्हाला ठाऊक नसतं. बसवताना मूळ बोल्टच वापरा. बऱ्याच गाड्यांत तो ७/१६ इंची, बारीक आट्याचा, जास्त ताकदीचा असतो. हार्डवेअर दुकानातला साधा बोल्ट तिथे चालत नाही. आवळण टॉर्क रेंचने (किती आवळलं ते मोजणाऱ्या पान्याने), मॅन्युअलमधल्या आकड्याइतकीच.

"दीड वर्षाचं बाळ पुढे मांडीवर घेतो, बेल्ट दोघांच्या भोवती. बरोबर ना? आणि वहिनींना सातवा महिना आहे, त्यांनी बेल्ट लावावा का?" — जयसिंगपूर

बाळाची ही पद्धत आजच थांबवा. ताशी ५० ला धडक बसली तर १० किलोचं बाळ हातांना १६० किलोच्या आसपास जाणवतं, ते सुटणारच. एकाच बेल्टमध्ये दोघं असतील तर मोठ्याचं वजन बाळाला पट्टीवर चिरडतं. आणि पुढच्या सीटवर समोर एअरबॅग आहे.

मुलांची सीट घ्या आणि ती मागच्या सीटवर लावा. एआयएस-०७२, आर-४४ किंवा आर-१२९ यांपैकी मानकाची खूण असलेलीच घ्या. किमान १५ महिन्यांपर्यंत तोंड मागे, जमेल तितकं पुढेही तसंच. मग स्वतःचे पट्टे असलेली समोर तोंडाची सीट, साधारण १८ किलोपर्यंत. त्यानंतर बूस्टर (मुलाला उंच बसवणारी बैठक), उंची १३५ ते १५० सेंटिमीटर होईपर्यंत. गाडीत आयसोफिक्सच्या (मुलांची सीट थेट अडकवायच्या) कड्या असतील तर बैठक आणि पाठीच्या फटीत हात घालून शोधा. दोन्ही हूक 'खट्' वाजले पाहिजेत. बसवलेली सीट पायथ्याशी धरून हलवा, अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त हलता कामा नये. तोंड मागे असलेली सीट चालू एअरबॅगसमोर कधीही लावू नका. चौदा वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा मुलांची सीट नसेल तर कलम १९४-बी चा १,००० रुपये दंड चालकालाच होतो.

वहिनींनी शेवटच्या दिवसापर्यंत बेल्ट लावायचा. खालची पट्टी पोटाच्या खाली, मांड्यांच्या वरच्या हाडांवर, वरची पट्टी दोन्ही स्तनांच्या मधून, पोटाच्या कडेने. पोटावरून आडवी पट्टी कधीच नको. साडी किंवा जाड स्वेटर पट्टीखाली गोळा झाला असेल तर बाजूला करा. छोटा अपघात झाला, काही दुखत नसलं, तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

"मी वडाप (शेअर जीप) चालवतो. बेल्ट लावा म्हटलं की प्रवासी हसतात. मागच्या आडव्या बाकांना तर बेल्टच नाहीत." — राधानगरी रोड

नियम १३८(३) समोर तोंड असलेल्या सीटपुरता आहे, आडव्या बाकावरच्यांना तो लागत नाही. पण परवान्यापेक्षा जादा माणसं बसवली तर कलम १९४-ए खाली प्रत्येक जादा माणसामागे २०० रुपये. पुढच्या बाकावर दोघांच्या जागी तिघं असतील तर तिसऱ्याला बेल्ट नाही, आणि गिअरपाशी बसल्याने तुमचाही हात अडतो. तिथून सुरुवात करा: पुढे बेल्टइतकीच माणसं. गाडी भरली की निघण्याआधी 'बेल्ट लावल्याशिवाय गाडी हलणार नाही' एवढं एकदाच म्हणा आणि खरंच हलवू नका. रोजचे प्रवासी आठवड्यात सवयीला येतात.

"उंची कमी असल्याने पट्टी गळ्याला घासते, म्हणून काखेखालून घेते." — शिवाजी पेठ

काखेखालची पट्टी धडकेत बरगड्या मोडते आणि खालची प्लीहा, यकृत दुखावते. खांबावरची कडी वर-खाली होते, खटका दाबून खाली घ्या. ती स्थिर असेल तर सीट उंच करा. पट्टी गळा आणि खांद्याचं टोक यांच्या बरोबर मध्ये हवी. पाठ फार मागे टाकून बसू नका, शरीर खालून निसटतं. चिमटीत पट्टीची घडी पकडता आली तर ती सैल आहे.

"महापुरात गाडी पाण्यात गेली तर बेल्टमुळेच माणूस अडकतो, म्हणून पावसाळ्यात लावत नाही." — शिये

२००५, २०१९, २०२१ पाहिलेल्या भागातून ही भीती येणं साहजिक आहे. पण गाडी पाण्यात जाते ती बऱ्याचदा आपटून. बेल्ट नसेल तर डोकं आपटून शुद्ध जाते, आणि बेशुद्ध माणसाला दार-काच काही उघडता येत नाही. शुद्धीत असाल तर बकल सोडायला सेकंद लागतो.

क्रम असा. पाण्यात पडताच काच खाली करा, इलेक्ट्रिक काचा सुरुवातीला बहुधा चालतात. दाराशी झटापट नको, बाहेरच्या पाण्याच्या दाबाने ते उघडत नाही. बेल्ट सोडा, मुलांचे सोडा, खिडकीतून मुलं आधी बाहेर, मग तुम्ही. काच चाललीच नाही तर बाजूच्या काचेच्या कोपऱ्यात टोकदार हातोडीने मारा. समोरची काच थरांची असते, ती अशी फुटत नाही. मुळात कसबा बावडा ते शिये रस्त्यावर किंवा केर्लीजवळ पाणी वाहत असेल तर गाडी घालूच नका. फूटभर वाहतं पाणी छोटी गाडी उचलतं, दोन फुटांत बहुतेक गाड्या वाहून जातात.

हातोडी आणि बेल्ट कापायचं पातं एकत्र असलेलं छोटं अवजार मिळतं. ते डॅशबोर्डच्या कप्प्यात किंवा डिकीत ठेवू नका. बेल्ट लावून बसल्यावर हात पोचेल अशा जागी, दाराच्या कप्प्यात किंवा दोन सीटांच्या मध्ये, घट्ट अडकवा, आणि मागच्या सीटवर मुलं बसत असतील तर तिथेही एक ठेवा.